न वाचलेलं काही नाही

रोज सकाळी सहाला मला एक मेल यायची. तिच्यात नमस्कार नसायचा, खाली कुणाचं नाव नसायचं. दोनच वाक्यं असायची: ‘आज सगळं जागच्या जागी. न वाचलेलं काही नाही.’ ती कुणी माणूस पाठवत नव्हता, बाळूच्या घरातला जुना कॉम्प्युटर पाठवायचा. वैशाखऱ्याच्या जरा अलीकडे, रस्ता सोडून आत उतरलं की त्याचं घर, आणि पडवीला लागून जी खोली आहे तिथे हा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू. पहाटे तो स्वतःची तब्येत तपासायचा, बाळूने न वाचलेल्या मेल किती उरल्यात ते मोजायचा आणि तिथून शहापूरला मला कळवायचा. आता मलाच कशाला? तर म्हणे, ‘तू डेटाबेसवाली ना शोभे, मग तुला रोज कळू दे माझ्या फायली किती सुखात हायेत ते.’ मी चहाचं आधण ठेवता ठेवता ती मेल बघायची आणि पुसून टाकायची. त्या दिवशीही तशीच बघितली, तशीच पुसली. चहा गाळायला घेतला आणि सुमनवहिनींचा फोन आला. ‘वन्सं... तुमी या. हे उठत नाय.’ एवढंच बोलल्या. मागे कुणीतरी मोठ्याने रडत होतं, ते त्यांना ऐकू येत नसावं. कपात चहा तसाच राहिला.

शेजारच्या मुलाला गाडी चालवायला घेऊन किन्हवलीवरून सरळगावला निघालो तेव्हा धुकं होतं. गणपती होऊन गेलेले, भात निसवलेलं, दोन्ही बाजूंनी त्याचा तो कच्चा गोडसर वास. काच खाली करून मी नुसती बघत होते. मला सारखं वाटत होतं, आपण सुट्टीत आत्याकडे निघालोय आणि हा फाट्यावर चड्डीचा नाडा सावरत उभा असणार. घरी पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. बाळू ओटीवर, चादरीखाली, पाय थोडे बाहेर. त्याला चादर कधीच पुरली नाही. मी हातपाय धुवायला म्हणून मागे गेले तर पडवीजवळच्या खोलीत तो कॉम्प्युटर चालू होता, त्याचा तो इवलासा हिरवा दिवा लुकलुकत होता. आम्ही सगळे ओटीवर होतो त्याच सुमारास त्या खोलीत एक मेल येऊन पडली. कुणाला कसं कळणार? मला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला. ‘आज सगळं जागच्या जागी. न वाचलेलं: एक.’ आदला अख्खा दिवस मी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, लोक काय म्हणतील याचीही पर्वा केली नव्हती. ती ओळ वाचली आणि ओट्याला टेकून जी रडले... बाळूने मेल न वाचता ठेवली, असं कधी झालं नव्हतं हो.

भालचंद्र हे त्याचं कागदावरचं नाव. माझा आतेभाऊ, माझ्याहून थोडा मोठा. आमच्याकडे मामेबहीण-आतेभाऊ म्हटलं की सगळी आळी चिडवायला टपलेली असते. लहानपणी लोक ‘काय गो, कधी येतेस नांदायला?’ म्हणायचे आणि हा पठ्ठ्या गंभीर चेहऱ्याने सांगायचा, ‘हिला भाकऱ्या येत नाय. आमी नाय घेणार.’ तेव्हापासून आम्ही भांडतोय. आत्याच्या घरात माळ्यावर मुडे असायचे. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: धान्याभोवती भाताचा पेंढा गुंडाळून, दोरीने करकचून बांधून केलेलं गाठोडं, त्याला मुडा म्हणायचं. खायचं भात कणगीत, म्हणजे बांबूच्या त्या मोठ्या गोल कोठारात, एकत्र. पण पेरायचं बियाणं मुड्यात. कोलमचा मुडा वेगळा, झिनीचा वेगळा, लाल भाताचा वेगळा. मी विचारलं होतं, एवढी कटकट कशाला, सगळं कणगीतच घाला की. आत्या म्हणाली, ‘कणगीला टोका-किडा लागला तर सगळं गेलं. मुड्याला लागला तर एक मुडा गेला.’ मी ते ऐकलं आणि विसरले. बाळूने ऐकलं आणि त्यावर त्याने पुढे नोकरी केली.

मुरबाडला शाळा आणि वसतिगृहं चालवणाऱ्या एका संस्थेत तो कॉम्प्युटर बघायचा. मी ठाण्याच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळते. आमच्या भांडणाचं मूळ सांगायला सोपं आहे. मेल आली की ती साठवायची कुठे? माझं म्हणणं, डेटाबेसात. सगळ्या मेल एका जागी, कुणी पाठवली, कधी, विषय काय, सगळ्याचे नीट रकाने, विचारलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर. त्याचं म्हणणं, एक मेल म्हणजे एक फाइल. साधी, सुटी, कुठल्याही यंत्रात उघडेल अशी. आलेल्या मेलसाठी त्याच्याकडे दोन कप्पे होते. आलेली मेल ‘नवे’ या कप्प्यात पडायची. वाचली की ती उचलून ‘पाहिलेले’ या कप्प्यात जायची आणि तिच्या नावाच्या शेपटाला एक खूण लागायची, विसर्गासारखी दोन टिंबं आणि पुढे एक अक्षर. त्याने स्वतः पाठवलेल्या मेल तिसऱ्या कप्प्यात, त्यांनाही तीच खूण. झालं. ‘ह्यात बिघडायला हाय काय?’ तो म्हणायचा. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या!’ मी म्हणायची. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, अगदी सावकाश, पान लावल्यासारखं: ‘चिंध्यांचीच गोधडी होते गो, शोभे.’

एकदा संस्थेच्या मोठ्या बाईंना वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीबद्दलची जुनी मेल हवी होती. बाळूने शोध लावला. आता त्याचा शोध म्हणजे काय, एकेक फाइल उघडायची, आत बघायचं, मिटायची, पुढची. बाई समोर बसलेल्या, पंखा बंद, हा शांतपणे चहा ठेवायला उठला. मी कामासाठी तिकडे गेले होते, मला राहवतंय का? ‘असं कर बाळू, शोध लाव आणि भातही लाव. दोन्ही एकदम होतील.’ बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मग मीच संस्थेच्या सगळ्या मेल डेटाबेसात भरून दिल्या आणि पुढच्या वेळी बाईंनी मागितलेली मेल चहात साखर विरघळायच्या आत काढून दाखवली. बाळू ‘बरं झालं’ म्हणाला आणि घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. पण त्याच्याही वाट्याला दिवस आलाच. पावसात तिकडे लाइट कशी असते ते तिकडच्यांनाच विचारा, येते ती जाण्यासाठीच. एकदा अशीच गेली-आली, गेली-आली, आणि डिस्कला नेमकी तिथे इजा झाली जिथे माझ्या डेटाबेसची सगळी वाटच लिहिलेली होती. उघडेचना. आत मेल सगळ्या होत्या, पण एकीलाही हात लागेना. त्याच यंत्रातल्या बाळूच्या फायलींपैकी एक अर्धी झाली होती, बाकीच्या ठणठणीत. तो हसला असता तर मी दोन शब्द ऐकवले असते, पण मेल्याने मला चहा करून दिला! माझ्याकडे आदल्या दिवशीची प्रत होती, त्यावरून मी संध्याकाळपर्यंत सगळं उभं केलं. त्यामुळे मी हरले असं आजही म्हणणार नाही. मागे प्रत ठेवली असेल तर कणगीच चांगली. हे वाक्य मी त्याच्या फोटोसमोरही बोलून आले आहे.

हे झालं संस्थेचं. घरचा कॉम्प्युटर मात्र त्याचा स्वतःचा, आणि तिथे डेटाबेसला दाराच्या आत पाय नव्हता. मेल पुरवणाऱ्या कंपनीच्या पेटीतून नवी मेल थोड्या थोड्या वेळाने ओढून तो आपल्या यंत्रात आणायचा, आणि तिकडे काही ठेवायचा नाही. ‘आपलं बी दुसऱ्याच्या माळ्यावर कशाला?’ त्या यंत्रात सगळ्यात जास्त काय होतं तर मुक्ताच्या मेल. मुक्ता म्हणजे बाळू आणि सुमनवहिनींची एकुलती एक मुलगी. आधी शिकायला पुण्याला, मग नोकरीला दूर एका थंड देशात, प्रयोगशाळेत. फोनवर ही दोघं बापलेक एकदम मुकी. ‘जेवलीस?’ ‘जेवले.’ ‘बरं.’ संपलं. पण मेलवर काय बोलायची! वसतिगृहातल्या पहिल्या आठवड्यापासून, वर्षानुवर्षं. मुक्ताच्या बाजूच्या मेल, जुन्यासकट, तिने नोकरीच्या खात्यात आणून ठेवल्या होत्या. तिने नोकरी बदलली, जुन्या लोकांनी खातं बंद केलं आणि तिच्याकडचं सगळं एका क्षणात गेलं. तेव्हा तिने बापाला घाबरून फोन केला होता. हा म्हणाला, ‘माझ्याकडं हाय ना सगळं. तू रडतेस कशाला?’

बाळू गेला तेव्हा तिला येता आलं नाही. व्हिसाचे कागद अडकलेले. ते सुटायच्या आधी तिकडून निघाली तर परत जाता येणार नाही अशी गत. दहाव्याला तिने मला फोन केला. आधी आईने काही खाल्लं का ते विचारलं. मग म्हणाली, ‘शोभाआत्या, बाबांचं काही नको मला. त्या मेल तेवढ्या राहू देत. त्यांचा आवाज माझ्याकडे तेवढाच आहे.’ मी म्हटलं, ‘अगं वेडे, मी आहे ना.’ किती सहज म्हणतो आपण हे! रोज सकाळी सहाला ती ओळ येतच होती. न वाचलेलं: पाच. न वाचलेलं: नऊ. आकडा वाढायचा, पण पहिलं वाक्य तेच होतं, सगळं जागच्या जागी, आणि त्याच्या भरवशावर मी निवांत होते. अर्धवट झोपेत ती मेल बघताना वाटायचं, बाळू कुठेतरी पलीकडच्या गावाला गेलाय, पाऊस लागलाय म्हणून अडकलाय, आणि त्याच्या नावाची पत्रं कुणीतरी त्याच्या ओटीवर नीट रचून ठेवतंय... तेराव्यानंतर मी शहापूरला परतले. आणि एका सकाळी सहा वाजले, साडेसहा वाजले, मेल आली नाही.

लाइट गेली असेल म्हणून मी आधी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनींना फोन केला. ‘अवं तो बंद केला. रातदिस घुमत व्हता वन्सं, त्याचा आवाज ऐकला की मना वाटं हे आत बसलेत. मग दशरथ म्हनला, यातलं सगलं काढून देतो.’ दशरथ म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. सरळगावला त्याचं मोबाइलचं दुकान आहे. माणूस जिवाला जीव देणारा, पण स्वतःला सगळं येतं हा त्याचा एक आजार. त्याने सगळ्या फायली एका पेनड्राइव्हवर घेतल्या, तो बहिणीच्या हातात दिला आणि कॉम्प्युटर दुकानात नेला. मी त्याच दिवशी रजा टाकून वैशाखऱ्याला गेले. वहिनींनी पेनड्राइव्ह देव्हाऱ्यात ठेवला होता, हळदीकुंकू वाहून. मी तो माझ्या लॅपटॉपला लावला. ‘नवे’ कप्पा उघडला, त्यात बाळू गेल्यानंतर आलेल्या मेल होत्या, सगळ्या. ‘पाहिलेले’ कप्पा उघडला. रिकामा. त्याने पाठवलेल्या मेलचा कप्पा उघडला, तोही रिकामा.

काय झालं असणार ते मला तिथे बसल्या बसल्याच कळलं. पेनड्राइव्हला नावात ती दोन टिंबं चालत नाहीत. ज्या मेलवर वाचल्याची खूण, त्या प्रत्येकीला पेनड्राइव्हने दारातूनच परत पाठवलं. खूण नसलेल्या तेवढ्या आत घेतल्या. म्हणजे बाळूने आयुष्यभर जे वाचलं आणि जे लिहिलं त्यातलं एकही अक्षर आलं नाही. त्याने जे कधीच पाहिलं नाही तेवढंच आलं. सरळगावला दुकानात शिरले ती मी देवी अंगात आल्यासारखीच. ‘दशरथा, कॉपी करताना काही विचारलं का रे त्याने?’ तो म्हणाला, ‘हां ताई, सारखा विचारत होता, ही फाइल जात नाय, ही फाइल जात नाय. किती वेळ दाबत बसू? मंग खाली होतं ना, सगळ्या सोडा. ते दाबलं.’ ‘आणि कॉम्प्युटर?’ तो खाली बघायला लागला. कॉम्प्युटर त्याच्या टेबलावरच होता, चकाचक, नवीन विंडोज टाकलेला. ‘डिस्क पुसून टाकलीस?’ ‘ताई, मला वाटलं सगळं आलंय...’ मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोरच्या वडेवाल्याने कढईखालचा गॅस बंद करून ऐकलं म्हणतात. दशरथ रडायला लागला. बाळूने त्याला हे दुकान उभं करून दिलं होतं, दुकानाची पाटीसुद्धा बाळूनेच रंगवलेली. मग मीही त्याच्या स्टुलावर बसून रडले, आणि दोघांनी मिळून तो कॉम्प्युटर माझ्या गाडीत ठेवला. मुक्ताला मी काही सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगायचं?

पुसलेल्या डिस्कवरून माणूस वाटतं तितकं लवकर जात नाही, हे मी नोकरीत शिकले आहे. आधी फक्त पाट्या काढून टाकल्या जातात. घरं असतात तिथेच, जोवर त्यावर दुसरं काही बांधत नाही तोवर. नव्या विंडोजने बरीच जागा बळकावली होती. उरलेल्या जागेत पुसलेलं शोधणाऱ्या सॉफ्टवेअरची चाळणी लावून बसायचं होतं. इथे मला माझा धंदा आठवला. हा माझा डेटाबेस असता, तर त्याचा एक मोठा तुकडा गेल्यावर उरलेल्यातून काय आणि कसं वेचायचं? कुठला रकाना कुणाचा, कोण कुणाच्या मागे, सगळा गुंता. आणि बाळूच्या फायली? नावं गेली होती, कप्पे गेले होते, पण प्रत्येक मेलच्या माथ्यावर तिचं तिनेच लिहिलेलं, मी अमुककडून निघाले, तमुककडे चालले, ही माझी तारीख. कुणाला विचारायची गरजच नाही. शहापूरच्या घरात खिडकीशी तो कॉम्प्युटर मांडला आणि चाळणी लावली. सकाळी कामाला जाताना बघायची, आले की बघायची, रविवारी तर तिथेच बसून राहायची.

ते दिवस मला आता स्वप्नासारखे आठवतात. मेल वर यायच्या त्या कुठल्याही क्रमाने. आधी मुक्ता परदेशात पगारवाढ सांगत असायची, तिच्यामागून तीच मुक्ता वसतिगृहातून लिहायची, ‘बाबा, इथल्या वरणात डाळ शोधावी लागते.’ मग बाळू तिच्या परीक्षेला शुभेच्छा द्यायचा, आणि त्याच्या पाठोपाठ तिच्या पदवीच्या दिवशी नेसलेल्या साडीचं कौतुक. अंगणातला शेवगा एका मेलमध्ये वादळाने पडायचा आणि पुढच्या मेलमध्ये परत उभा, शेंगांनी लगडलेला. ज्या वर्षी आत्या गेली त्या वर्षाची मेल आली, आणि तिच्या पुढचीच, ‘आजी आज स्वतः मुडा बांधत बसली होती, डोळ्यांना दिसत नाही तरी गाठ मात्र अशी की आपल्याला सुटू नये.’ खिडकीबाहेर माहुलीचा डोंगर ढगात जायचा, परत बाहेर यायचा. मला वाटायचं, बाळू कुठे मेलाय? त्याला नुसतं पिंजून विखरून टाकलंय आणि तो आता एकेक करून परत येतोय, आधीचा नंतर, नंतरचा आधी, त्याच्या सवडीने. काही मेल अर्ध्या आल्या. काही वाक्याच्या मधेच तुटलेल्या, ‘आणि मुक्ता, एक गोष्ट लक्षात ठेव की’... आणि पुढे विंडोजचा कचरा. काही आल्याच नाहीत, एका अख्ख्या पावसाळ्याच्या तर कधीच आल्या नाहीत. पण बहुतेक आल्या. आणि वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बाळूच्या प्रत्येक मेलमध्ये, अगदी प्रत्येक, कुठेतरी असायचंच: ‘आई म्हणते.’ आई म्हणते, थंडीत कान बांध. आई म्हणते, तो मुलगा फोटोत बरा दिसतो, पण हसत का नाही? आई म्हणते, तू आलीस की वालाचं बिरडं. वहिनी कधी त्या कॉम्प्युटरच्या जवळ गेल्या नाहीत, पण त्यांच्याशिवाय एकही मेल त्या घरातून बाहेर पडली नव्हती.

मुक्ता आली ती कापणीला. विमानतळावरून येताना गाडीत मी तिला सगळं सांगितलं; पेनड्राइव्ह, दशरथ, पुसलेली डिस्क, गेलेला पावसाळा. ती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, ‘मामाला रागावलीस का गं फार?’ अगदी बापाची मुलगी. विंडोज काढून बाळूची जुनी मांडणी बसवलेला कॉम्प्युटर घरी परत पडवीजवळच्या खोलीत मांडला. परत आलेल्या मेल ‘पाहिलेले’ कप्प्यात ठेवल्या, त्यांच्या शेपटांना त्या खुणा लावल्या. ‘नवे’ कप्प्यात पेनड्राइव्हवरच्या आणि मधल्या काळात कंपनीच्या पेटीत साठलेल्या. मला वाटलं होतं, त्या तशाच राहू द्याव्यात. ज्या त्याने पाहिल्या नाहीत त्या आपण कोण पाहणारे? पण सुमनवहिनी दारातूनच म्हणाल्या, ‘असं कसं? ते एक बी ठेवत नव्हते. वाचून टाका सगल्या.’ मग आम्ही तिघी दुपारी बसलो, वहिनी सुपात तांदूळ घेऊन, आणि मी एकेक मोठ्याने वाचायला लागले. बँक घरासाठी कर्ज देत होती. कुणी बाळूला गुडघेदुखीवर तेल विकत होतं. संस्थेने गणवेशाबद्दल परिपत्रक काढलं होतं. ‘कर्ज नको म्हनावं, घर हाय आमचं,’ वहिनी म्हणाल्या आणि मुक्ता आल्यापासून पहिल्यांदा हसली. एकेक वाचायची आणि उचलून ‘पाहिलेले’मध्ये टाकायची.

शेवटी एकच उरली, म्हणजे खरं तर सगळ्यात आधी आलेली. मुक्ताची. बाळू गेला त्या सकाळी, तिला काही कळायच्या आधी पाठवलेली. तिने ती ओळखली आणि पदराशी चाळा करावा तशी ओढणीचं टोक पिळत बसली. मी म्हटलं, ही नको वाचू का? तिने मान हलवली, वाच. मी वाचली. ‘बाबा, आज इथल्या बाजारात आपल्यासारखा जाड तांदूळ मिळाला. कधीची पेज प्यायची होती. पण माझी पेज होतच नाही, खीर होते. आईला विचार ना पाणी किती, आणि मीठ आधी की नंतर. उद्या सुट्टी आहे, निवांत सांग.’ बस, एवढीच होती. सुपातले तांदूळ तेवढे सरकल्याचा आवाज आला. मी मनात म्हणत होते, आता ‘आई म्हणते’ लिहिणारं या घरात कुणी नाही... आणि वहिनी खाली बघूनच म्हणाल्या, ‘पेजेला कणी लागते गो मुक्ते. अख्खा तांदूळ घेतलास तर काय व्हनार? कणी घे मूठभर, पानी दणदणीत घाल, अन् मीठ मागनं. आधी नाय.’ मुक्ता ‘हो आई’ म्हणाली. मग तिने डोकं आईच्या मांडीवर ठेवलं, तांदळाचं सूप बाजूला सारून. दोघी किती वेळ रडल्या मला सांगता येणार नाही, मीही काही कमी रडले नाही.

डोळे पुसून वहिनींनी विचारलं, ‘ही आता कुठं ठेवायची?’ मी दाखवलं, या कप्प्यातून या कप्प्यात. त्यांनी हात पदराला पुसला, माउसवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. मी त्यांचा हात धरला नाही. फाइल मधेच एकदा सुटली, त्यांनी ती परत पकडली आणि हळूहळू ओढत नेऊन सोडली. डेटाबेसात हे काम म्हणजे एका रकान्यात शून्याचा एक करणं, माणसाचा हात लागतच नाही त्याला. ‘नवे’ कप्पा रिकामा झाला. संध्याकाळी मी शहापूरला निघायच्या आधी बाळूची ती पहाटेची आज्ञा, जेवढी मला आठवत होती तेवढी, पुन्हा लिहून कॉम्प्युटरला दिली. ‘चालू राहू द्या,’ वहिनी म्हणाल्या. ‘घुमू दे त्याला.’

दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी उभी होते, आधण ठेवलं होतं, पण लक्ष फोनकडे. सहा वाजले. ‘आज सगळं जागच्या जागी. न वाचलेलं काही नाही.’

आजवर अशा सगळ्या मेल मी पुसत आले. ही पुसली नाही. डेटाबेसातही नाही टाकली. एक साधी, सुटी फाइल करून ठेवली.